टाकीचे घाव कुणाच्या छातीवर?

टाकीचे घाव सोसल्यावाचून दगडाला देवपण येत नाही, ही म्हण मराठी माणूस जन्मभर ऐकत असतो. शाळेच्या निरोप समारंभात मुख्याध्यापक ती ऐकवतात, कीर्तनकार ती रंगवून सांगतात, सत्काराच्या भाषणात तर ती हमखास येते. या म्हणीत सोसणारा आहे तो दगड. टाकी ज्याच्या हातात आहे तो पाथरवट म्हणीत कुठेच नाही. तो काय सोसतो हे म्हण रचणाऱ्यांना ठाऊक नसावे. आज मात्र ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ असे म्हणण्याची सोय कुणालाही उरलेली नाही.

राजस्थानच्या सिरोही जिल्ह्यात, अबूच्या डोंगररांगांच्या परिसरात, पिंडवाडा नावाचे गाव आहे. देशभरातील आणि सातासमुद्रापलीकडीलही मंदिरांचे खांब, तोरणे, कमानी, शिखरांचे थर येथे घडतात. अयोध्येच्या श्रीराम मंदिराच्या शिळांच्या घडाईशीही पिंडवाड्याचे नाव जोडलेले आहे. २२ जानेवारी २०२४ रोजी प्राणप्रतिष्ठा झाली तेव्हा देशातल्या खेड्यापाड्यांत दिवे लागले. मंडपांच्या खांबांवरील नक्षी पाहून डोळे निवले नाहीत असा श्रद्धावान हिंदू विरळा. परंतु ज्या पट्ट्यात अशी नक्षी कोरली जाते त्याच पट्ट्यातील कित्येक घरांत ऐन पस्तिशी-चाळिशीतले घडवय्ये खाटेवर पुढे वाकून बसलेले असतात, कारण आडवे झाले की श्वास पुरत नाही, हे त्या दिवशी कितीजणांच्या मनात आले असेल?

येथे कोणत्याही एका मंदिरावर आरोप नाही. दगड मंदिराचा असो, पंचतारांकित हॉटेलच्या दर्शनी भिंतीचा असो, की एखाद्या धनिकाच्या बंगल्याच्या जोत्याचा असो. धूळ सारखीच आहे. फरक इतकाच, की हॉटेलवाल्याकडून समाजाची अपेक्षा नसते, मंदिर उभारणाऱ्याकडून असते.

या रोगाचे नाव सिलिकोसिस. वालुकाश्म हा बहुतांशी क्वार्ट्झ म्हणजे स्फटिकरूप सिलिकाचा बनलेला असतो. तो कापताना जी धूळ डोळ्यांना दिसते ती बरीचशी निरुपद्रवी, कारण ती नाकात आणि घशातच अडकते व खोकल्यावाटे बाहेर पडते. प्राण घेते ती न दिसणारी धूळ. मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाहूनही लहान कण थेट फुप्फुसाच्या वायुकोशांत उतरतात. शरीराच्या रक्षक पेशी त्यांना जंतू समजून गिळतात. पण दगड पचत नाही. पेशी मरते, कण मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते, तीही मरते. जिथे जिथे ही झुंज होते तिथे व्रणाची गाठ उरते आणि मऊ स्पंजासारखे फुप्फुस हळूहळू चामड्यासारखे कडक होत जाते. काम सोडले तरी हा क्रम थांबत नाही. रोग बरा करणारे औषध आधुनिक वैद्यकाजवळ नाही. अशा फुप्फुसात क्षयाचे जंतू सहज घर करतात, आणि १९९७ पासून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने स्फटिकरूप सिलिकाची गणना निश्चितपणे कर्करोगकारक द्रव्यांत केलेली आहे.

टाकी-हातोडीच्या काळातही पाथरवटाला ही धूळ चुकली नव्हती. पण टाकीने दगडाच्या ढलप्या उडतात, जाडी भुकटी पडते. विजेवर फिरणारे ग्राइंडर आणि कटर आले, आणि दगडाचे पीठ होऊन ते हवेत तरंगू लागले. जे काम करायला महिना लागे ते आठवड्यात होऊ लागले. मालक सुखावला, ग्राहक सुखावला, घडवय्याच्या हाती दोन पैसे अधिक पडू लागले. वेग वाढला त्याबरोबर मरणाचाही वेग वाढला, हे हिशेबात धरण्याचे मात्र राहून गेले. तोंडाला बांधलेला गमछा किंवा रुमाल या धुळीपुढे म्हणजे मच्छरदाणीने पाऊस अडवण्याचा प्रकार. तरीही ‘मास्क दिला होता, त्यानेच लावला नाही’ हे वाक्य देशातल्या प्रत्येक औद्योगिक वसाहतीत तयारच असते.

पाटीवरची पेन्सिल

ही गोष्ट नवी नाही. कोलारच्या सोन्याच्या खाणी इंग्रज कंपनीच्या हाती होत्या तेव्हाच तेथील हजारो कामगारांच्या तपासणीत सिलिकोसिसचे प्रमाण भयावह आढळले होते. तो पारतंत्र्याचा काळ होता, सोने लंडनला जात होते, कामगाराच्या छातीची पर्वा परक्यांनी का करावी, असे म्हणता येईल. पण स्वातंत्र्यानंतरचे काय?

महाराष्ट्रातल्या आज पन्नाशी-साठीत असलेल्या प्रत्येकाने ‘श्री गणेशा’ गिरवला तो दगडी पाटीवर, दगडी पेन्सिलीने. त्या पेन्सिलीचे मोठे केंद्र होते मध्यप्रदेशातील मंदसौर. स्लेटीचा दगड फिरत्या करवतीवर चिरून कांड्या पाडायच्या, एवढेच काम. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तेथील सुमारे ६०० कामगारांची तपासणी केली. १९८० च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात निम्म्याहून अधिक जणांच्या फुप्फुसांत सिलिकोसिस दिसून आला. पुढे जे दगावले त्यांचे वय होते सरासरी पस्तिशीच्या आसपास. विद्यारंभाच्या दिवशी सरस्वतीचे चिन्ह पाटीवर रेखणाऱ्या लेकरांच्या हातात जी पेन्सिल होती, तिच्या प्रत्येक कांडीमागे कुणाचा तरी श्वास खर्ची पडत होता. सरस्वतीपूजन करणाऱ्यांना याची कल्पना नव्हती. कारखाना निरीक्षकांना मात्र ती असायला हवी होती.

मंदसौरची हकीकत येथेच संपत नाही, आणि तिचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा आहे. करवतीपाशीच धूळ ओढून घेणारी यंत्रणा तेथे बसवण्यात आली आणि हवेतील धूळ पुष्कळ घटली. म्हणजे उपाय होता, परदेशातून आणावा लागला नाही, त्याने कारखानेही बुडाले नाहीत. ‘लहान उद्योगाला हे परवडत नाही’ या युक्तिवादाला याहून सरळ उत्तर कोणते असू शकते? परवडत नाही ते वेगळेच. एक मजूर गेला तर दुसरा मिळतो, पंखा मात्र विकत घ्यावा लागतो, हा तो हिशेब आहे.

गोध्र्याची पांढरी भुकटी

या हिशेबाचे सर्वांत उघडे रूप गोध्र्याच्या परिसरात दिसले. तेथे क्वार्ट्झचा दगड दळून त्याची पांढरी भुकटी काच आणि चिनी मातीच्या उद्योगांसाठी पोत्यांत भरली जाई. दळायला माणसे येत ती शेजारच्या मध्यप्रदेशातून. अलीराजपूर, झाबुआ, धार या जिल्ह्यांतील भिल्ल-भिलाला वनवासी, पावसाचे पीक फसले की पोट भरण्यासाठी मुलाबाळांसह सीमेपलीकडे जात. काहींनी तेथे काम केले ते मोजके महिने. शुद्ध क्वार्ट्झच्या त्या धुळीला वर्षानुवर्षे लागत नाहीत. घरी परतली तीच खोकत, आणि पाड्यांवरून एकामागून एक तिरड्या उठल्या. बाप गेला, आई गेली, मागे उरली ती आजी-आजोबांच्या ओटीतली पोरे.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने नोव्हेंबर २०१० मध्ये २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यावेत अशी शिफारस गुजरात शासनाला केली. ती रक्कम द्यावीच लागेल असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला तो मे २०१६ मध्ये. एकूण रक्कम होते सव्वासात कोटींहूनही कमी. या रकमेसाठी एक शासन पाच वर्षांहून अधिक काळ न्यायालयाच्या दारात उभे राहिले. शासन कोणत्या पक्षाचे होते हा प्रश्न येथे विचारला जाईल, आणि त्याचे उत्तर लपवण्याचे कारण नाही. ज्या पक्षाकडे या नियतकालिकाचा वाचक आपुलकीने पाहतो त्याच पक्षाचे होते. खाणी आणि चक्क्या ज्या काळात फोफावल्या तेव्हा दिल्लीत आणि भोपाळात वेगळी सरकारे होती, हेही तितकेच खरे. धूळ मतदारयादी पाहून छातीत शिरत नाही.

या शोकांतिकेतील एक बारकावा नजरेआड होऊ नये. यांतील बहुतेक माणसे कागदोपत्री कधी कामगार नव्हतीच. मस्टरवर नाव नाही, हजेरीचे कार्ड नाही, पगाराची चिठ्ठी नाही. मुकादमाने गाडीत भरून आणले, रोजंदारी हातावर ठेवली, संपले. नुकसानभरपाईचा कायदा १९२३ पासून आहे, त्यात सिलिकोसिस व्यावसायिक रोग म्हणून नोंदलेला आहे. पण मालक कोण हेच सिद्ध होत नसेल तर कायदा कुणाच्या दारावर थाप मारणार? आणि रोग कोणता हे तरी कोण सांगणार? तालुक्याच्या दवाखान्यात खोकला आणि वजन घटलेले पाहिले की क्षयाच्या गोळ्या सुरू होतात. सहा महिन्यांनी गुण नाही, पुन्हा सहा महिने. रुग्णाला ‘काम काय करतोस?’ हा प्रश्न वैद्याने विचारलाच पाहिजे, असे रामाझ्झिनी नावाच्या इटालियन वैद्याने १७०० साली लिहून ठेवले. तीनशे वर्षांत तो प्रश्न आपल्या केसपेपरवर उमटू नये, यात दोष केवळ शासनाचा नाही.

राजस्थानने २०१९ मध्ये या रोगासाठी स्वतंत्र धोरण आखले. रोगाचे प्रमाणपत्र मिळाले की ३ लाख, मृत्यूनंतर कुटुंबाला आणखी २ लाख, शिवाय निवृत्तिवेतन. खोट्या प्रमाणपत्रांची प्रकरणेही मागाहून उघडकीस आली, तो भाग अलाहिदा. एका राज्याने हा रोग आपल्या दारात आहे असे मान्य केले, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण हा पैसा येतो कोठून? खनिजाच्या निधीतून, बांधकाम कामगारांच्या कल्याण निधीतून, म्हणजे शेवटी सार्वजनिक तिजोरीतून. धूळ उडवणाऱ्याच्या खिशाला त्याची झळ नाही. धूळ फुकट, मरण सरकारी खर्चाने, अशी ही व्यवस्था झाली. जोवर धूळ उडवणे धूळ अडवण्यापेक्षा स्वस्त आहे तोवर कोणता धंदेवाईक माणूस पाण्याची नळी विकत घेईल?

भत्ता घ्या, धूळ खा

कायदे नव्हते असेही नाही. कारखाना अधिनियम १९४८ चा. सिलिकोसिस आढळला की व्यवस्थापकाने आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरनेही ते शासनाला कळवलेच पाहिजे, असे त्यात होते. न कळवणाऱ्या डॉक्टरला दंड किती? एक हजार रुपयांपर्यंत. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळच्या झोपलेल्या वस्त्यांवर विषारी वायू सुटला तेव्हा देश हादरला आणि १९८७ मध्ये अधिनियमात धोकादायक प्रक्रियांविषयी नवे प्रकरण घालण्यात आले. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, ॲसबेस्टॉसच्या कामगारांसंबंधीच्या निकालात, कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत अधिकाराचाच भाग असल्याचे सांगितले आणि आरोग्याच्या नोंदी चाळीस वर्षे जपून ठेवण्याचा आदेश दिला. चाळीस वर्षे! ज्या शेडचे नाव दर तीन वर्षांनी बदलते, तिच्याकडून कोणत्या कपाटाची अपेक्षा करायची?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुने कायदे जाऊन चार श्रमसंहिता लागू झाल्या. अनेक जुनाट तरतुदी गेल्या, नियुक्तिपत्र प्रत्येकाला देणे बंधनकारक झाले, हे स्वागतार्हच आहे. मस्टरवर नाव नसलेल्या माणसासाठी नियुक्तिपत्र हाच भरपाईचा पहिला पुरावा ठरू शकतो. पण ‘कारखाना’ म्हणवून घेण्यासाठी लागणारी कामगारांची संख्या दुप्पट करण्यात आली. विजेवर चालणाऱ्या ठिकाणी १० ऐवजी २०. दगडाच्या शेडमध्ये माणसे असतात ती सहा, आठ, बारा. वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणीची तरतूद आहे. जोखमीच्या उद्योगांत ती सर्वांसाठी, इतरत्र वयाच्या चाळिशीनंतर. मंदसौरचा कामगार पस्तिशीत गेला होता. तेव्हा दगड घडवण्याची शेड कोणत्या रकान्यात पडते यावर एका सबंध पिढीचे आयुष्य अवलंबून आहे, आणि तो रकाना मंत्रालयातील कुणीतरी भरणार आहे. भारतीय मजदूर संघाने चारपैकी दोन संहितांचे स्वागत करतानाच व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेतील काही तरतुदींवर आक्षेप घेतले, ते या दृष्टीने पाहिले पाहिजेत. आपल्या विचारांच्या सरकारला आपल्या विचारांच्या संघटनेने चुका दाखवणे यात फितुरी शोधणाऱ्यांना राष्ट्रहित आणि पक्षहित यांतला भेद कधी कळलाच नाही.

कामगार चळवळीला तरी हा विषय कितपत कळला? नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. ती मागणी मुळात शरीराची होती, विसाव्याची होती. पुढे लाल बावट्याच्या हाती गिरणगाव गेल्यावर लढे झाले ते पगाराचे, बोनसचे आणि जागतिक क्रांतीचे. कापसाच्या धुळीने छाती भरून येते, आठवड्याच्या सुट्टीनंतर सोमवारी पहिल्या पाळीला तर जीव गुदमरतो, हे कार्डिंग खात्यातला प्रत्येकजण जाणत होता. त्या रोगाला बायसिनोसिस म्हणतात. मुंबईतल्या डॉक्टरांनी त्याचे अभ्यासही केले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला संप म्हटला की आज लोकांना आठवतो तो पगाराचा प्रश्न, बदली कामगारांचा प्रश्न, मान्यताप्राप्त युनियनचा कायदा. कापसाची धूळ कुणाला आठवत नाही. गिरण्या बंद पडल्या, तेव्हाच ती धूळ खाली बसली.

याहून वाईट प्रथा म्हणजे ‘धोका भत्ता’. धूळ हटवा असे म्हणण्याऐवजी धुळीचे पैसे द्या असे म्हणायचे, व्यवस्थापनाने महिन्याला काही रुपये वाढवून द्यायचे, गुलाल उधळायचा, आणि त्या भत्त्यावर पाणी सोडावे लागेल म्हणून पुढे धूळ हटवायला संघटनेनेच विरोध करायचा. कामगाराच्या फुप्फुसाचा हा हप्त्यांनी केलेला सौदा आहे. वर्गसंघर्षाच्या पोथीत भांडवल आणि मजुरी हे दोनच आकडे आहेत. माणसाला शरीर असते, त्याच्यामागे घर असते, हे त्या गणितात बसत नाही. दत्तोपंत ठेंगडींनी १९५५ मध्ये भोपाळात भारतीय मजदूर संघाची स्थापना केली तेव्हा राष्ट्र, उद्योग आणि श्रमिक यांचे हित एकमेकांत गुंतलेले आहे ही भूमिका मांडली. ती भूमिका खरी मानायची तर कामगाराची छाती ही राष्ट्राची संपत्ती ठरते, आणि तिची झीज भत्ता घेऊन मिटवता येत नाही. हे स्वतःच्या युनियनच्या मागणीपत्रकात कितव्या क्रमांकावर आहे, हे मजदूर संघाच्या कार्यकर्त्यांनीही एकदा तपासून पाहायला हरकत नाही.

पाश्चात्त्य राष्ट्रांचे दुटप्पीपण तर सर्वश्रुत आहे. ॲसबेस्टॉसने भरलेली ‘क्लेमान्सो’ ही युद्धनौका फ्रान्सने मोडीत काढण्यासाठी गुजरातच्या अलंग किनाऱ्याकडे रवाना केली होती. गदारोळ झाल्यावर फेब्रुवारी २००६ मध्ये तिला परत बोलवावे लागले. ऑस्ट्रेलियाने सिलिकायुक्त कृत्रिम दगडाच्या वापरावर १ जुलै २०२४ पासून बंदी घातली, कारण स्वयंपाकघराचे ओटे कापणारे तेथील तरुण सिलिकोसिसने आजारी पडू लागले. असे दगड तयार करून निर्यात करणाऱ्या देशांत भारत आघाडीवर आहे. ज्याला तेथे हात लावायची बंदी तो येथे कापला जातो. पण परकीयांवर तोंडसुख घेणे सोपे आहे. त्यांनी आपली माणसे वाचवली. आपली वाचवण्यापासून आपल्याला कुणी रोखले आहे? वाळूच्या फवाऱ्याने ओतीव भाग साफ करण्याची पद्धत ब्रिटनने विसाव्या शतकाच्या मध्यावरच मोडीत काढली. वाळूऐवजी पोलादी छरे वापरता येतात, ही काही गुप्त विद्या नव्हे.

आपल्या अंगणात

महाराष्ट्राने हे सारे दुरून पाहून हळहळण्याचे कारण नाही. सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट; त्यात मोकळे क्वार्ट्झ फार थोडे असते, ही निसर्गाची कृपा. खडी क्रशरवर राबणाऱ्या वडार बांधवांच्या आणि परप्रांतीय मजुरांच्या छातीत जाणारी धूळ त्यामुळे निरुपद्रवी ठरत नाही, पण राजस्थानच्या वालुकाश्माइतकी ती जहरी नाही. जहर आहे ते ओतकामाच्या वाळूत. कोल्हापूरच्या फाउंड्र्या हा महाराष्ट्राच्या उद्यमशीलतेचा अभिमानाचा विषय आहे. देशी-विदेशी मोटारींचे भाग तेथे ओतले जातात. साचे बनतात ते सिलिका वाळूचे. ओतीव भाग थंड झाल्यावर साचा फोडायचा, चिकटलेली वाळू झाडायची, मग फेटलिंगला ग्राइंडर मारायचा. तापून निघालेली, फुटून बारीक झालेली तीच वाळू या तिन्ही वेळा हवेत उडते. सिंधुदुर्गात कासार्डे परिसरातून ही सिलिका वाळू निघते. म्हणजे खाणीत काढणाऱ्यापासून फाउंड्रीत झाडणाऱ्यापर्यंत सारी साखळी मराठी मुलखातलीच.

या कारखान्यांत ४ मार्चला सुरक्षा सप्ताह साजरा होतो. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना १९६६ मध्ये त्या दिवशी झाली. छातीवर बिल्ले लागतात, शपथ होते, निबंध स्पर्धेची बक्षिसे वाटली जातात. फलकावर आकडा असतो तो अपघाताविना गेलेल्या दिवसांचा. बोट तुटले तर तो अपघात, त्याची नोंद होते. फुप्फुस पंधरा वर्षांत दगड झाले तर तो अपघात नव्हे. तो मनुष्य नोकरी सोडून गावी गेला, एवढीच नोंद. खंडेनवमीला यंत्राला झेंडूची माळ पडते, हळदकुंकू लागते. त्याचे तेल वेळच्या वेळी बदलले जाते, बेअरिंगचा आवाज बदलला की फिटर धावतो. त्याच यंत्रापुढे उभ्या असलेल्या माणसाचा खोकला वर्षभर बदलत राहतो, त्याच्या छातीचा फोटो काढायला कुणाला सवड होत नाही. काढलाच तर तो फाइलीत जातो. ज्याची छाती त्याला तो दाखवला जात नाही.

निविदेतील दोन शब्द

१७ सप्टेंबर हा विश्वकर्मा जयंतीचा दिवस भारतीय मजदूर संघ राष्ट्रीय श्रम दिवस म्हणून पाळतो. त्याच दिवशी २०२३ मध्ये केंद्र सरकारने पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. अठरा पारंपरिक व्यवसायांत मूर्तिकार आणि दगड घडवणारे पाथरवट यांचा समावेश करून सरकारने त्यांना कारागीर म्हणून प्रतिष्ठा दिली, ही लहान गोष्ट नाही. प्रशिक्षण मिळते, अवजारांसाठी १५,००० रुपये मिळतात, पुढे स्वस्त दराने कर्ज मिळते. प्रश्न असा, की या पैशांतून पाथरवटाच्या हाती येणार काय? पाण्याची धार आणि धूळ ओढण्याची सोय नसलेला विजेचा ग्राइंडर येणार असेल, तर विश्वकर्म्याच्या नावाने विश्वकर्म्याच्या लेकराच्या हातात त्याचे मरण दिल्यासारखे होईल. दगड ओला ठेवून कापला तर हवेतील धूळ मोठ्या प्रमाणात घटते. ग्राइंडरच्या पात्यावर पाण्याची बारीक धार सोडायला नळी, टाकी आणि छोटा पंप लागतो. विजेचा धक्का बसू नये म्हणून जोडणी नीट करावी लागते, काम थोडे मंदावते, नक्षीची रेघ गाळाखाली दिसेनाशी होते म्हणून कारागीर कुरकुर करतो. या अडचणी खऱ्या आहेत. त्या सोडवण्यासाठीच तर प्रशिक्षण असते. कोरड्या अवस्थेतच करावी लागणारी बारीक घडाई असेल तेथे धूळ उगमापाशी ओढणारा पंखा, आणि या सगळ्यानंतर, सगळ्याऐवजी नव्हे, तोंडाला घट्ट बसणारा योग्य प्रतीचा मास्क.

सरकार करील तेव्हा करील. हिंदू समाजाच्या हाती मात्र एक अधिकार असा आहे की त्यासाठी कोणत्याही संहितेची वाट पाहावी लागत नाही. देशात आज जितकी मंदिरे उभी राहत आहेत आणि जितक्यांचा जीर्णोद्धार होत आहे, तितके दगडकाम कित्येक पिढ्यांत झाले नसेल. त्या दगडाचा ग्राहक आहे मंदिराचा विश्वस्त. हजारो घरांतून आलेल्या देणगीचा पैसा त्याच्या हाती आहे आणि कंत्राटदार त्याच्या दारात उभा आहे. विश्वस्त मंडळी दगड निवडताना किती काटेकोर असतात! शिळेला तडा नको, रंगात फरक नको, मूर्तीच्या शिळेत दोष नको. शिल्पशास्त्रातील मापांवरून स्थपतींशी तासन्‌तास चर्चा होतात. शुचितेचा एवढा विचार करणाऱ्यांनी त्या शिळेवर कुणाचा अखेरचा श्वास सांडला आहे का, एवढे विचारले तर सोवळ्याला बाध येतो की ते पूर्ण होते?

कुणी म्हणेल, याने मंदिराचा खर्च वाढेल. वाढेल. शेकडा किती वाढेल हे कंत्राटदाराकडून मागवता येते आणि देणगीदारांसमोर ठेवताही येते. कळसाला सोन्याचा पत्रा चढवायला पैसा उभा करणारा समाज पाण्याच्या नळीसाठी हात आखडता घेईल असे मानायला आधार नाही. त्याला आजवर कुणी विचारलेच नाही. कुणी असेही म्हणेल, की मंदिराला विरोध करणारे याच मुद्द्याचे भांडवल करतील. ते करतातच, आणि त्यांना कारागिराविषयी किती कळवळा आहे हे त्यांनी हॉटेलांच्या आणि बंगल्यांच्या दगडाविषयी काय लिहिले त्यावरून जोखता येते. पण विरोधकाच्या तोंडी खरा मुद्दा गेला म्हणून तो खोटा होत नाही. तो आपण आधी हाती घेतला असता तर त्याच्या तोंडी गेला नसता.

येत्या विश्वकर्मा जयंतीला गावोगावच्या मंदिर न्यासांनी हारतुऱ्यांच्या कार्यक्रमाआधी आपापल्या कंत्राटाचा कागद काढावा. दगड कोणत्या खाणीचा, घनफुटाचा दर काय, नक्षी किती खोल, वाहतूक कुणाकडे, हे त्यात असेलच. घडाई कोणत्या शेडमध्ये होते, तेथील कारागिरांची नावे मस्टरवर आहेत का, वर्षातून एकदा त्यांच्या छातीचा फोटो काढून तो त्यांच्या हाती दिला जातो का, हे त्यात लिहिलेले आहे का ते पाहावे. नसेल तर पुढच्या निविदेत, ‘पिंक सॅण्डस्टोन, प्रथम प्रत’ या ओळीच्या खाली, ‘ओली घडाई’ हे दोन शब्द घालावेत, आणि शेडची पाहणी करायला विश्वस्तांपैकी एकाने स्वतः जावे, शक्यतो न कळवता.